नवव्या दिवसाचा केक

कार्ड आलं तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत मैद्याने माखले होते.

"वहिनी, टपाल," पोस्टमन सावळाराम फाटकातूनच म्हणाला. एरवी तो पायरीवर टेकायचा, पाणी मागायचा, धरणावरच्या चार बातम्या सांगायचा. त्या दिवशी त्याने कार्ड व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर खडा ठेवला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. मी दारातूनच वाकून पाहिलं. कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नव्हता. त्या जागी 'अशुभ' लिहिलं होतं.

आजकालच्या पोरींना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. तेव्हा कुणी गेल्याची बातमी अशा कार्डावर यायची. ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेरच वाचायचं, वाचलं की फाडायचं आणि आंघोळीला जायचं. नवऱ्याच्या भाऊबंदांत कुणी गेलं असेल तर दहा दिवस सुतक. सुतकातल्या घरचं पाणीही कुणी पीत नाही, मग वाढदिवसाचा केक कोण खाणार? पण एक होतं. बातमी कळेपर्यंत माणूस मोकळा असतो. सुतक कळल्यावर लागतं.

आणि केक पाच वाजता हवा होता.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही एका धरणाच्या वसाहतीत राहत होतो, घाटाच्या पायथ्याला, सगळ्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये कामाला. महिन्यातले दहा-बारा दिवस सामान आणायला बाहेरगावी, त्या आठवड्यातही पुण्याला गेलेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वसाहतीत चार वर्षं काढली. बायका मला हळदीकुंकवाला तेवढं बोलवायच्या, कारण त्याची मंडळाकडे यादी असायची. डोहाळजेवणाला नाही, बारशाला नाही, कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला नाही. तोंडावर कुणी काही बोललं असतं तर मी चांगलं सुनावलं असतं, मी जात्याच फटकळ. पण न बोलावण्याला काय सुनावणार? दुपारी दोनची एस.टी. वळणावर हॉर्न देऊन गेली की संध्याकाळपर्यंत बोलायला घरात फक्त एक पाल. खोटं कशाला सांगू, मी तिच्याशी बोलायचे. भाजीत मीठ जास्त झालं की तिला सांगायचे.

त्या चार वर्षांत माझ्या घरात आपणहून येणारं माणूस एकच, ओव्हर्सियर कारखानिसांची सहा वर्षांची रेवती. तिची आई हाक मारेपर्यंत बसायची आणि हाक आली की निम्मं वाक्य टाकून पळायची. एकदा मी कस्टर्ड करत होते. थंड झाल्यावर वर जाड पिवळी साय धरली होती, ती मी चमच्याने उचलून तिला दिली. तेव्हापासून बया रोज विचारायची, "काकू, आज साय आहे?"

रविवारी तिची आई, उज्ज्वलावहिनी, स्वतः फाटक उघडून आत आल्या. मी तर पदर सावरायलाच विसरले.

"तुमच्याकडे गोल ओव्हन आहे ना?" त्यांनी विचारलं. "रेवती हट्ट धरून बसलीय. म्हणते, केक कुमुदकाकूंच्याच हातचा हवा, फळांचा आणि कस्टर्डचा. तुम्हाला त्रास होणार नसेल तर..."

"त्रास कसला त्यात," मी म्हटलं.

"अंडं नको हं. पाटणकरकाकू असतील. आणि तुम्हीही या, पाच वाजता."

'तुम्हीही या.' त्या गेल्यावर मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

तो ओव्हन माझ्या लग्नात द्वारकामावशीने दिलेला. बाकीच्यांनी स्टीलची तांब्याभांडी दिली, हिने मिरजेहून ॲल्युमिनियमचा ओव्हन डोक्यावर घेऊन एस.टी.ने आणला. मी तीन वर्षांची असताना आई गेली, वडलांनी दुसरं लग्न केलं, आणि मावशी मला उचलून घेऊन गेली. तिच्या नवऱ्याने तिला टाकलेलं. मिशनच्या हॉस्पिटलात नर्सांच्या मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. कुण्या गोऱ्या बाईने तिला केक शिकवला होता, तो तिने आपल्या पद्धतीने करून टाकला, अंड्याच्या जागी दही आणि सोडा, पिठातही दोन चमचे कस्टर्ड पावडर. केक झाला की कस्टर्डवरची साय मला. नर्सा म्हणायच्या, द्वारकाबाई, आम्हालाही द्या की थोडी. ती म्हणायची, "साय मुलांची असते. तुमचं लग्न करा, मुलं आणा, मग मागा."

मावशीला लिहिता येत नव्हतं. तिची पत्रं दर वेळी वेगळ्या अक्षरात यायची, जी नर्स हाताशी लागेल तिच्या. पण माथ्यावर 'श्री' मात्र ती स्वतः काढायची, वाकडातिकडा. तेवढं एक अक्षर तिला मी शिकवलं होतं.

तर ते कार्ड. अक्षर ओळखीचं नव्हतं. मी हिशेब मांडला. कऱ्हाडचे आप्पाकाका, म्हणजे ह्यांचे चुलत काका, नव्वदीचे, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. दर दिवाळीला कळायचं, आज जातील उद्या जातील. तेच गेले असणार. सुटले बिचारे. पण म्हणजे दहा दिवस सुतक, आणि संध्याकाळी रेवतीच्या घरी माझं तोंडही दिसायला नको.

मी कार्डाकडे पाहत उभी राहिले. पहिल्या शब्दाच्या पुढे नजर जाऊ दिली नाही. मग आतून चिमटा आणला, निखारा उचलावा तसं कार्ड उचललं आणि व्हरांड्यातल्या विजेच्या मीटरच्या पेटीत टाकून पेटीचं दार लावलं. पेटी घराबाहेर होती. म्हणजे कार्ड घरात आलं नाही, मी वाचलं नाही, मला काही कळलं नाही. आप्पाकाकांना मनात म्हटलं, नव्वद वर्षं थांबलात, आता एक दिवस माझ्यासाठी थांबा.

हात धुतले आणि परत कामाला लागले.

वसाहतीत केक करायचा म्हणजे वेळ साधावी लागायची. धरणावरचे पंप चालू असले की व्होल्टेज पडायचं, दिवा विझायला यायचा आणि केक खाली बसायचा. पंप बंद असायचे ते दुपारी एक ते तीन. बरोबर एकला मी ओव्हनची पिन लावली, तापल्यावर दीडला केक आत ठेवला. काचेच्या झाकणातून आत बघत स्टुलावर बसले. दोन वाजता वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. केक नुकता फुगायला लागला होता, त्यामुळे मी उठलेही नाही.

मावशीचं सगळं डोक्यात वाजत होतं. कस्टर्ड एकाच बाजूने ढवळ. केळ्याला लिंबू लाव, काळं पडेल. गरम केकवर कस्टर्ड घालशील तर लापशी होईल, धीर धर. केक निवल्यावर मी तो दोऱ्याने आडवा कापला, मध्ये कस्टर्ड आणि केळी, वर पुन्हा कस्टर्ड आणि अर्धी केलेली हिरवी द्राक्षं, गोलात लावलेली. मधोमध सफरचंदाच्या फोडी. कस्टर्डची साय वाटीत वेगळी काढून ठेवली. माझ्या हातून तसा केक आधी झाला नव्हता आणि नंतर तर नाहीच.

पाचला मी परात धरून कारखानिसांकडे गेले. दहा-बारा बायका, वीसेक पोरं. सगळ्यांनी वळून केककडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पाटणकरकाकू मधल्या खुर्चीत होत्या. वसाहतीतली सगळी शास्त्रं त्यांच्याकडे असायची. कुणाचा उपास कधी सोडायचा, कुणाची ओटी कशाने भरायची, सगळं त्यांना विचारून.

"अंडं नाही ना ग?" त्यांनी विचारलं.

"दही आहे काकू."

त्यांनी चमचाभर तोंडात घातलं. डोळे मिटले. मग बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून दे. कुमुद, इतके दिवस तू होतीस कुठे?"

"शेवटच्या क्वार्टरमध्ये," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. माझ्या बोलण्यावर दहा बायका एकदम हसल्या. वसाहतीत आल्यापासून असं पहिल्यांदा झालं. कुणी म्हणालं, मला शिकवा. कुणी म्हणालं, आमच्या बंटीच्या मुंजीला असाच करा. उज्ज्वलावहिनींनी माझा हात धरून मला त्यांच्या शेजारी बसवलं.

मग औक्षण. एकेक सवाष्ण उठून रेवतीला ओवाळत होती. मी नेहमीसारखी मागे सरकले. असल्या वेळी मागे सरकायची मला सवय होती. तेव्हा पाटणकरकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कुमुद, ऊठ. तूही ओवाळ पोरीला. तिचा केक केलास तू."

मी तबक घेतलं. मीटरची पेटी मला आठवली, नाही असं नाही. पण मी ओवाळलं. रेवतीच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, साय आणलीय?" मी पदराखालची वाटी तिच्या हातात दिली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची संध्याकाळ ती. आजही असंच म्हणेन.

सकाळी उठून कार्ड वाचायचं असं मी ठरवलं होतं. पण सकाळी अकरालाच उज्ज्वलावहिनी माझी परात परत करायला आल्या आणि एकट्या आल्या नाहीत, बरोबर तिघी. माझ्या घरात चौघी बायका बसल्या. चहा प्यायल्या, केकचं माप कागदावर लिहून घेतलं, नवऱ्यांची गाऱ्हाणी केली. एकीने माझ्या पालीला पाहून किंकाळी फोडली. मी म्हटलं, घाबरू नका, ती घरचीच आहे. त्या जायला निघाल्या तेव्हा दोनची एस.टी. केव्हाच निघून गेली होती. जाताना उज्ज्वलावहिनी म्हणाल्या, "आता येत जा हं. बोलवायची वाट बघू नका."

त्या वळणाआड जाईपर्यंत मी हसत उभी होते. मग पेटी उघडली. कार्ड पालथं पडलं होतं, पत्त्याची बाजू वर.

पत्ता माझ्या नावाने होता. सौ. कुमुद तारळेकर. आप्पाकाकांचं कार्ड माझ्या नावाने कशाला येईल?

मी व्हरांड्यात उभ्या उभ्याच वाचलं. 'द्वारकाबाई गेल्या मंगळवारी पहाटे झोपेतच वारल्या. त्यांना काही त्रास झाला नाही. तुमचा पत्ता शोधण्यात दिवस गेले, क्षमा असावी. दहावा गुरुवारी सकाळी नदीवर करणार आहोत. तुम्ही त्यांची मुलगी, तुमच्याशिवाय त्यांचं कुणी नाही. तुमची वाट बघू. शांता मोहिते, नर्स.'

त्या दिवशी गुरुवार होता. दुपारचे तीन वाजले होते. बुधवारच्या एस.टी.त बसले असते तर रात्री आठला मिरजेत होते. त्या एस.टी.चा हॉर्न मी ऐकला होता, केक फुगताना बघत. आणि मावशीचं असलं दहा दिवसांचं सुतक मला लागतच नव्हतं. बहिणीच्या मुलीला ते लागून लागून किती लागणार, दीड दिवस. ज्याला भिऊन मी कार्ड लपवलं ते त्यात नव्हतंच. मी सुतकाचा हिशेब केला, माझं माणूस गेलं असेल असं मनातच आलं नाही. पायरीवर बसले ती अंधार पडायच्या वेळेला उठले.

शुक्रवारी मिरजेला गेले. ह्यांच्यासाठी शेजारी निरोप ठेवला, मावशी गेली म्हणून. मेसमागच्या तिच्या खोलीला कुलूप होतं. शांता सिस्टरने उघडून दिली. खाट, दोन लुगडी, कप्प्यावर डबे.

"पत्ता कुठे सापडला माहितीय?" सिस्टर म्हणाली. "मैद्याच्या डब्याखाली. तुमची सगळी पत्रं तिथेच होती. आम्ही पेटी शोधत बसलो."

मी तो डबा उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"दहाव्याला आम्ही थांबलो बराच वेळ. एक वाजेपर्यंत. गुरुजी घाई करायला लागले, मी म्हटलं, तिची मुलगी येतेय धरणावरून, थांबा जरा. सगळ्या नर्सा उन्हात उभ्या होत्या. शेवटी आमच्या रखवालदाराने केलं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कार्डच उशिरा पोचलं असणार."

"हो," मी म्हटलं. "उशिरा पोचलं."

बाई माझी समजूत घालत होती आणि मी तिच्याकडून घालून घेत होते. लाज वाटली, पण तोंडातून दुसरं काही आलं नाही. कुणाला मी भाची आहे हे माहीतच नव्हतं तिथे. मावशीने वीस वर्षं सगळ्यांना मुलगी म्हणूनच सांगितलं होतं.

सोमवारी परत आले. हे पुण्याहून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पेटीसकट. ते म्हणाले, "आता कुणाला सांगू नकोस. झालं ते झालं." आणि कामावर गेले.

दुपारी पाटणकरकाकू भेटायला आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. उज्ज्वलावहिनी बरोबर होत्या, त्यांचा हात धरून रेवती. मी दारातच उभी राहिले.

"आत नका येऊ काकू. सुतक आहे."

"अग, मावशीचं ना?" काकू समजुतीने म्हणाल्या. "मावशीचं दीड दिवस. ते कधीच फिटलं. आंघोळ केलीस ना? मग झालं."

"मावशी नव्हती ती. आई होती."

"बरं, आई म्हण. तरी लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस."

"मी दहा पाळणार आहे."

काकूंनी उज्ज्वलावहिनींकडे पाहिलं. "पाळ बाई. तुझं मन मानत नसेल तर पाळ. कळल्यापासून धर. कळलं कधी तुला? कार्ड कधी आलं?"

इथे मला गुरुवार म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. काकूंनी मान हलवली असती, उज्ज्वलावहिनींनी जेवण पाठवलं असतं, आणि बंटीच्या मुंजीला मी मांडवात असते.

"बुधवारी," मी म्हटलं. "सकाळी अकराला. केक ओव्हनमध्ये जायच्या आधी."

उज्ज्वलावहिनींनी रेवतीला आपल्याजवळ ओढून घेतलं.

"तुला माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"अशुभ आहे एवढं माहीत होतं. पुढचं वाचलं नाही. पेटीत टाकलं."

"आणि तू पोरीला ओवाळलंस."

"ओवाळलं."

मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि खरोखरीच्या कळवळ्याने म्हणाल्या, "हे तू सांगितलं नसतंस तर चाललं असतं ग, कुमुद."

"एकदा खोटं सांगून आलेय काकू, मिरजेत. पुन्हा नाही जमणार."

त्या गेल्या. रेवती मागे वळून वळून बघत होती. तिने हात केला आणि वहिनींनी तो खाली केला. मी त्यांना दोष देत नाही. माझं मूल असतं तर मीही तेच केलं असतं.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही तिथे होतो. हळदीकुंकवाच्या यादीतूनही माझं नाव गेलं. मुंजीला केक शहरातून मागवला असं पोस्टमनकडून कळलं.

मी दहा दिवस पुरे पाळले. खाली चटई टाकून झोपले, गोड खाल्लं नाही, कुणाकडे गेले नाही, अर्थात जाण्यासारखं कुणी नव्हतंच. अकराव्या दिवशी सकाळी आंघोळ करून दूध तापवलं आणि मावशीसाठी कस्टर्ड केलं, एकाच बाजूने ढवळून. एका वाटीत तिच्या नावाने बाहेर कठड्यावर ठेवलं. उरलेलं भांडं झाकून बाजूला ठेवलं.

दुपारी झाकण काढलं तर वर जाड पिवळी साय धरली होती. मी दाराकडे पाहिलं. रेवतीची यायची वेळ होती. थोडा वेळ वाट पाहिली, मग दार ओढून घेतलं, जमिनीवर बसले आणि साय मीच खाल्ली. मुलांची असते ती. तिचं मूल मीच होते.